धक्सा असा शब्द नाही

४ फेब्रुवारी

माफ कर, वही. गेल्या वर्षापासून तुला हात लावला नाही. लिहिलं तर रडगाणं होईल असं वाटायचं. आज रडायचं नाही, चिडायचं आहे.

आज डायलिसिसला नर्सला नस सापडेना. टोचलं, काढलं, पुन्हा टोचलं. डॉक्टरीणबाई आल्या, हात दाबून पाहिला. "ही नस फार काळ साथ देणार नाही. दाता लवकर मिळाला तर बरं." मिळाला तर! जसा काही रस्त्यात पडलाय आणि मी उचलत नाही!

आमच्याकडे दाता एकच होता — धाकटा. तपासणी झाली. डॉक्टरीणबाई तेव्हा म्हणाल्या, "भाऊ योग्य नाही." तो म्हणाला, "जुळलं नाही गं, ताई," आणि रडला. मीच त्याला पाणी दिलं. स्वतःला प्यायला नाही, पण दिलं.

जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. "पाणी भरपूर पी हो. किडनीला पाणी लागतं." प्यायलेलं बाहेर पडायची वाटच बंद झाली आहे, काकू! नुसते दात दाखवले.

६ फेब्रुवारी

'चाळण' नसती तर एव्हाना मी कोणाचा तरी गळा धरला असता.

फोनवरचा आमचा गट. सगळे मशीनवाले, काहींच्या घरचेही. आमचं रक्त चाळतात म्हणून चाळण. खरं नाव कोणी लिहीत नाही. मीठबंद — पूर्वी बस चालवायचे, गटाचे कारभारी. अर्धा ग्लास — दिवसाचं तिचं पाणी तेवढंच, आणि घरात लहान मुलगी. मी शुद्धलेखन. छापखान्यात प्रुफं तपासते, म्हणून आल्या आल्या कोणाच्या तरी 'मुत्रपिंडा'तला मु मी दीर्घ करून दिला. मीठबंदांनी लिहिलं, "बाई, लाल शाई छापखान्यात ठेवून या. इथे आधीच पुष्कळ लाल आहे!"

'बरी होशील' म्हणायला तिथे बंदी आहे. मी लिहिते, आज सुई लागली आणि मी नर्सवर ओरडले. कोणीतरी लिहितं, मीही. बस्स. एवढ्यासाठी मी दिवसभर फोन बघते.

आई म्हणते, "बोलाव की एकदा जेवायला तुझ्या फोनमधल्यांना. मीठ नको, पाणी नको, फळं नकोत — नुसती ताटं मांडते." खूप दिवसांनी पोट धरून हसले.

११ फेब्रुवारी

चाळणीत आज एक नवा आला. नाव: एकप्रश्न.

"माझ्या बहिणीला किडनी हवी आहे. माझी जुळते. मी नाही म्हणालो. खरं कारण तिला माहीत नाही. तिच्यासमोर बसवत नाही. मी काय करू?"

डोकं फिरलं. प्रुफं बाजूला सारली आणि लिहिलं — "तुम्ही दार चुकलात. धडधाकट माणसांना कुरवाळायची ही जागा नाही. कीव हवी असेल तर आरशासमोर बसा."

मीठबंद लगेच — "बाई, जरा दमानं. माझा मुलगा द्यायला तयार होता, मीच नाही म्हणालो. टरकलो होतो." आणि अर्धा ग्लास — "दादा, भीती वाटते तर वाटते. बसा इथे."

बसा इथे! आमच्या चटईवर! उद्या पाटही मांडा त्याला!

आता शांतपणे विचारते आहे : मी अन्याय केला का? आपलं शरीर कोणी कोणाला देणं लागत नाही. हे मला कळतं. धाकट्याला तपासणीला नेताना मीच म्हणाले होते, मन होत नसेल तर नको. मनापासून म्हणाले होते? की चांगलं दिसावं म्हणून? ठरवता येत नाही. पण लपवणं! ते नाही सहन होत.

१२ फेब्रुवारी

रक्तदाब घेतला. नर्सने आकडा पाहिला आणि पट्टा पुन्हा बांधला.

१५ फेब्रुवारी



दुपारी छापखान्यात होते. एकप्रश्नने पुन्हा लिहिलं. "लहान असताना वडिलांना ऑपरेशनला आत नेलं. ते चालत गेले होते. परत आले नाहीत. मी तेव्हापासून धक्सा घेतला आहे."

डोक्याआधी अंगठा चालला. "धसका. धक्सा असा शब्द नाही." पाठवलंसुद्धा.

आणि मग कळलं.

बोलायला लागला तेव्हा धाकट्याला 'धसका' म्हणता यायचं नाही. कुत्रं भुंकलं की पळत यायचा, "ताई, धक्सा!" मग सगळं घरच तसं म्हणायला लागलं. बाबासुद्धा. बाबा गेल्यावर तो शब्द कोणी काढला नाही. जगात तो फक्त तिघांना माहीत आहे. आई, मी आणि तो.

जुळते. त्याची जुळते!

डॉक्टरीणबाई 'योग्य नाही' म्हणाल्या होत्या. 'जुळत नाही' म्हणाल्याच नव्हत्या; त्याचा नकार झाकला होता. लोकांचे शब्द तपासून पोट भरते मी — आणि हे निसटलं!

१६ फेब्रुवारी

खोटं बोलला. वर रडला. वर माझ्याकडून समजूत काढून घेतली. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून आता माझ्याच माणसांकडून धीर घेतोय! त्याला बायको आहे, मित्र आहेत, सगळं जग आहे. मला एक चाळण होती. तीही त्याला हवी!

पत्ता मीच दिला. तो जेवायला आला की मीठबंदांचे विनोद त्याला वाचून दाखवायचे. मी तिथे कोण, हे त्याला माहीत नसणार. चोरासारखा मागच्या दाराने शिरला.

आई — "काय झालंय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणून भांडी आपटतेस? पोचे आलेत त्यांना."

उलटं असतं तर मी दिली असती का? हो. ताबडतोब हो आलं. कामात मी इतक्या झटकन आलेल्या उत्तरावर कधी विश्वास ठेवत नाही. बाबा चालत आत गेले तेव्हा मी कॉलेजात शिकत होते, दवाखान्यात बाहेर बाकावर बसले होते. तो माझ्या मांडीवर झोपला होता. जागा झाल्यावर त्याला मीच सांगितलं.

तरी खोटं ते खोटंच.

१७ फेब्रुवारी

त्याचा फोन आला. उचलला नाही.

१८ फेब्रुवारी

चाळणीत माझ्या 'धक्सा असा शब्द नाही'खाली आज त्याचं उत्तर आहे.

"आहे, ताई. आपल्या घरात आहे."

त्याखाली मीठबंद — "ताई? कोणाची ताई?"

म्हणजे त्याला माहीत होतं. पहिल्यापासून. शुद्धलेखन नावाची दुसरी कोण असणार! तो प्रश्न चाळणीला नव्हताच. मला होता. आणि मी त्याला आरशासमोर बसायला सांगितलं.

उद्या — आई घरात नसताना धाकट्याला बोलावणे.