चैतीच्या चुलीतला विस्तव

सगळ्यांच्या आधी आली ती फागीच. पाहुण्यांनी ओढा ओलांडला न ओलांडला तोच ही शेजारीण धापा टाकत माझ्या दारात उभी, आणि म्हणते कशी, "गोजाय, तुझे व्याही येतायत. काखेत कोंबडं नाही, हातात पिशवी नाही. रिकाम्या हाताने येणारा माणूस काहीतरी न्यायलाच येतो." फागीचे तोंड म्हणजे पाड्याची दवंडी, पण आज खरे बोलली. ते काय न्यायला आले आणि शेवटी काय घेऊन चालले, ते पुढे येईलच. आधी कायद्याचे लिहिते, नाहीतर देवजी गुरुजी म्हणतील, म्हातारीने चांगला कागद वाया घालवला.

तर मी, गोजाबाई भ्रतार माघ्या, राहणार साखरशेत, तालुका जव्हार, जिल्हा ठाणे, धंदा शेती, वय पाड्यातल्या मोठ्या आंब्याएवढे, आणि तो आंबा अजून धरतो, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, आज तर रोजच्यापेक्षा जास्तच आहे. मला कोणी पाजलेले नाही, धमकावलेले नाही. जव्हारच्या राजाच्या शाळेत दोन इयत्ता शिकले, त्यातले जे उरले त्यात लिहिते. वाचणाऱ्याने अर्थ पाहावा, काना-मात्रा मोजत बसू नये.

हा कागद गुरुजींनी दिवाळीतच आणून दिला होता. मी तो कोरा ठेवला. जमीन घराला द्यायची असते, नुसत्या कुडांना नाही, आणि माझ्या नातवाचे घर तोवर घर झाले नव्हते. ते आज झाले, म्हणून आज लिहिते.

कलम पहिले. ओढ्याकडचे भाताचे शेत आणि वरचा नाचणीचा माळ. राजाच्या वेळी आम्ही ही जमीन दुसऱ्याची म्हणून कसली. मग राज्य विलीन झाले, मुंबई सरकार आले, कुळकायदा आला, आणि तलाठ्याने उताऱ्यावर माझे नाव चढवले. ते बघायला माझा नवरा माघ्या राहिला नव्हता. मी तो उतारा शेतात नेऊन मोठ्याने वाचला. बैलांनी तरी ऐकला. ही जमीन माझा नातू सुकऱ्या, ज्याला मीच लहानाचा मोठा केला, आणि त्याची बायको चैती, दोघांच्या नावाने. फक्त त्याच्या नावाने केली तर मी वरून खाली येईन.

कलम दुसरे. माझी मुलगी सोमी मोखाड्याला दिली आहे. गळ्यातली चांदीची सरी तिला. बोहाड्याच्या जत्रेला घालून मिरवावी, पेटीत ठेवून काळी करू नये.

कलम तिसरे. बांधावरचा मोह. माझे दीर जिव्या म्हणतात की झाड त्यांच्या हद्दीत आहे. त्यांना झाडाखाली बसायची मुभा राहील. फुले वेचायची नाही. पाय लांब केले की ते माझ्या हद्दीत येतात, हेही ध्यानात ठेवावे.

कलम चौथे, सुकऱ्याचे नवे घर. जागा माझी, घाम त्याचा. सागाचे खांब, कारवीचे कुड, वर कौले. पूर्वेला ओढा, उत्तरेला मी, दक्षिणेला पायवाट, पश्चिमेला फागी, तिला हलवता येत नाही. घर देखणे बांधले आहे पोराने. पण आमच्यात नव्या घराची पहिली चूल मोठ्या माणसाच्या चुलीतल्या विस्तवाने पेटते. घरभरणीच्या दिवशी सारा पाडा बसलेला, मी खापरात निखारे घेऊन दारात उभी, आणि सुकऱ्याने काय करावे? भिवंडीकडे गवताच्या वखारीवर कामाला जाऊन आला होता, तिथून आणलेली काडेपेटी खिशातून काढली आणि चर्रकन चूल पेटवली. वर मला म्हणतो, "आजी, आता कुणापुढं हात पसरायला नको."

चैतीने मान खाली घातली. मी माझे निखारे घेऊन परत आले.

तेव्हापासून त्या चुलीकडे कोणी फिरकले नाही. आमच्या पाड्यात बाई संध्याकाळी विस्तव मागायला जाते ती विस्तवासाठी थोडीच जाते? टेकते, काय शिजतेय ते वास घेऊन ओळखते, कुणाची म्हैस व्याली ते सांगते, आणि निखारा विझला की पुन्हा मागते. काडेपेटीच्या चुलीला कोण मागणार? त्या घरात भांडी होती, गोधड्या होत्या, नवरा-बायको होते, पण ये-जा नव्हती. दोघेच दोघांची तोंडे बघणार किती? मग भाजीत मीठ जास्त झाले म्हणून भांडण, कमी झाले म्हणून भांडण. चैती रोज तिन्हीसांजेला माझ्या चुलीपाशी येऊन बसायची. मी सुकऱ्याला म्हटले, एकदा ये, विस्तव माग, घेऊन जा. तर म्हणे, "विस्तव तो विस्तव. मी मागणार नाही." आजोबाचे नाक घेऊन आलाय, आणि नाकावरचा रागही.

आज चैतीचे आई-बाप, ढवळू आणि बाळी, दाभोशाहून आले ते याच बोभाट्यावर. सुकऱ्याच्या ओट्यावर बसले, पाण्याला शिवले नाहीत. ढवळू म्हणाला, "विहीणबाई, पोरीला नेतो. ज्या चुलीला कुणी विस्तव मागत नाही, तिथं तिला एकटी कशाला बसवू? परत पाठवायचं का, ते मग बघू." सुकऱ्या बांबूची काडी सोलत राहिला. चैतीने बोचके बांधले. एका हातात बोचके आणि दुसऱ्या हाताने दारातला खांब असा घट्ट धरलेला, की पोरीला जायचे नाही हे आंधळ्यालाही दिसावे. पण बापापुढे बोलणार कशी?

मी म्हटले, थांबा, माझ्या घरचे थंड पाणी आणते.

माझी चूल. माघ्या वावर गावाहून त्याच्या बापाच्या चुलीतला विस्तव मडक्यात, राखेत निजवून, रानातून चालत घेऊन आला होता. तो मी रोज रात्री राखेने झाकला आणि रोज सकाळी फुंकला. राजा गेला, सरकारे बदलली, माझा विस्तव गेला नाही. मी चुलीपुढे बसले आणि म्हटले, "बाय, खूप शिजवलंस. आता जरा निज." आणि पाहुण्यांसाठी भरलेला तांब्या तिच्यावर ओतला. चूल मांजरासारखी फिस्कारली माझ्यावर!

मग खापर घेतले आणि सगळ्यांच्या देखत नातसुनेच्या दारात जाऊन हाक मारली, "चैते, आहेस का गं घरात? माझी चूल विझली. जरा विस्तव दे."

फागीने तोंडावर हात ठेवला. "गोजायची चूल विझली?"

सुकऱ्या ताडकन उठला. "आजी, काडेपेटी देऊ?"

"तुझी काडेपेटी तुझ्यापाशी ठेव," मी म्हटले. "मी घरवालीकडे मागतेय."

चैतीच्या हातातले बोचके गळून पडले. सकाळच्या पेजेचे निखारे राखेत होते. तिने राख सारली, फुंकणी घेतली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर फुंकले. ते पाणी धुराचे होते असे ती म्हणते, मी तसेच लिहिते. निखारे खापरात घातले, वर गोवरीचा तुकडा ठेवला, दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरले आणि म्हणाली, "बसा ना आजी, जरा."

मी बसले. ते शब्द त्या कुडांनी पहिल्यांदा ऐकले.

फागी कानाशी आली. "अगं, पण हा काडेपेटीचाच ना?"

"आता माझ्या चुलीचा आहे. उद्या मागायला कुठं जातेस ते बघते."

ती पळाली आणि खापर घेऊन परत. "माझीबी विझली!" तिच्या कौलांतून धूर निघतोय, सगळे बघतायत! ढवळू इतका हसला की त्याला ठसका लागला आणि पाणी मागावे लागले. मग पाड्यातल्या बायका येतच राहिल्या. बाळीने बोचके सोडून लेकीची लुगडी पुन्हा दांडीवर टाकली आणि त्या चुलीवर नाचणीच्या भाकरी थापायला बसली. सुकऱ्याने आपणहून काडेपेटी सासऱ्याच्या हातात ठेवली. ढवळू म्हणाला, "बिडीपुरती बरी आहे." पोरीला न्यायला आले आणि काडेपेटी घेऊन चालले.

कलम पाचवे. माझे जाते, उखळ, मुसळ, इरले आणि फुंकणी चैतीला. फागीकडे माझे सूप आहे. तिने ते स्वतःचे समजू नये.

कलम सहावे आणि शेवटचे. मी मेल्यावर माझ्यापुढे मडक्यात जो विस्तव न्यायचा, तो चैतीच्या चुलीतला न्यावा. मात्र तो मागायला सुकऱ्याने यावे, दारात उभे राहून, तोंडाने मागावा. जमिनीला ही एकच अट. घाई मुळीच नाही, मला अजून पुष्कळ वेळा त्या चुलीपाशी बसायचे आहे.

हे सर्व मी स्वतः लिहिले, साक्षीदारांना वाचून दाखवले, ते दोन ठिकाणी हसले.

सही : गोजाबाई भ्रतार माघ्या, दस्तुर खुद्द

साक्षीदार :
१. देवजी गुरुजी, प्राथमिक शाळा, साखरशेत (सही)
२. ढवळू, राहणार दाभोसा (डाव्या हाताचा अंगठा, बोटाला भाकरीचे पीठ होते, म्हणून पुसट)

मुक्काम साखरशेत, माघ वद्य पंचमी, शके १८७९, इंग्रजी सन १९५८.

ता. क. व्याही आणि विहीण आत्ताच ओढ्यापलीकडे गेले. शिमग्याच्या पुनवेला परत येतो म्हणाले, कोंबडे घेऊन. उतरणार चैतीकडे.