मुळासकट गौर

पौड,
ता. ११ सप्टेंबर १९६२

ती. सौ. आजीस,
जयसिंगचा शि. सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? एक काम आहे. आपल्या माळावर तेरडा दरवर्षी कमी होतोय, म्हणून त्याला बी धरू द्यायला जंगल खात्यानं काटेरी तार घातली आणि राखायला मला नेमलं. गौरी आणायच्या दिवशी कुणीतरी तार वाकवून झाडं मुळासकट नेली. सोमवारी साहेब पाहणीला येणार. माझी नोकरी अजून कच्ची आहे, चोर मिळाला नाही तर मीच घरी बसेन. मुळं उपटू नका असं बायकांना चावडीवर तूच बजावलंस, तेव्हा चौकशीही तूच कर. मला शेजारच्या साळूबाईचा संशय येतो.

आजोबांना नमस्कार. माया आहे तशीच असू दे.
तुझा जयसिंग


घर,
ता. १३ सप्टेंबर १९६२

चि. जयसिंगास,
आजीचा आशीर्वाद. वि. वि.

चोर घावला. साळूबाईला नाव ठेवू नको. तिनं माझं ऐकून नुसत्या डहाळ्यांची गौर बसवली. चोर मी हाय.

चावडीवर मी लई हात नाचवलं. मुळं वरबाडली तर फुडल्या साली गौर कुटनं आणाल, असं इचारलं. समद्या माना हालल्या. मग परसात बघते तर आमचा तेरडा शेळीनं खाल्लेला. शेळी बी माझीच. सासूनं शिकवलंय की मूळ म्हंजे गौरीचं पाय, बिनपायाची गौर उंबरा कशी वलांडणार? माझं पाय आपसूक माळाकडं वळलं. तारेत लुगडं फाटलं, चिंधी तितंच लोंबतीया. आजीचं लुगडं तुला वळखंना, तू काय चोर धरणार?

साहेबाला माझं नाव सांग. तुरुंगात भाकरी आयती मिळंल, गुडघ्याला बरंच.

गौर बोळवली, पन तीन दिसांत बोंडं तडकून घरभर बी उडालं. झाडून उकिरड्यावर टाकलं. ते बी सरकारचंच, म्हनून कळवलं. तुजा आजा अजून हसतोय.

लोभ हाय, तो घटू देऊ नको.
धोंडाबाई


पौड,
ता. १९ सप्टेंबर १९६२

ती. सौ. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

चिंधी साहेबांनाच दिसली. कुणाची म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा तुझं नाव सांगितलं. घरचं नाव लपवलं नाहीस म्हणून तूर्त राहा, असं ते म्हणाले. मात्र पुढच्या पावसाळ्यात तेरडा फुललेला दिसला नाही तर नोकरी गेली. तू कृपा करून माळाकडे फिरकू नकोस.

रागावू नकोस, जीव लावत राहा.
तुझा जयसिंग


घर,
ता. १६ ऑगस्ट १९६३

चि. जयसिंगास,
आशीर्वाद. वि. वि.

ताप उतरला का? तू तितं पडलास आन् परवा साहेब हितं आलं. तारेच्या आत गुरं न्हाईत, तवा गवत छातीला लागलंय, त्यात दबून तेरडा औशदाला न्हाई. साहेबाचं तोंड उतरलं. चा तरी घ्या म्हनून घरी आणलं. हात धुवायला मागं गेलं आन् तितंच थांबलं. उकिरडा तेरड्यानं समदा गुलाबी! हे कुणी पेरलं, असं त्यांनी इचारलं. मी म्हनलं, चोरानं.

लई हसलं. मग म्हनलं की माळावरचं गवत कापून हितलं बी तितं टाकू, आन् जयसिंगची नोकरी पक्की करा असं वर लिवतो. मी लगेच पदर सावरून शाण्यावानी मान हालवली, जनू समदं ठरवूनच केलं व्हतं.

पन बी धरंस्तवर राखायचं म्हनून आज माझ्या उकिरड्याला काटेरी तार आली. आता शेण कुटं टाकू? दहा दिसांवर गौर आली. माझ्याच उकिरड्यातली पाच झाडं मुळासकट घ्यायला परवानगी हाय का, ते सरकारी कागदावर लिवून धाड. न्हाईतर फाटकं लुगडं धुऊन ठेवलंय.

जिवाला जप, आजीवर नजर ठेव.
धोंडाबाई