कोरड्या चारीतली शाळा

अहो राधाचे बाबा,

त्या सकाळी मी भाकरी थापत होते आणि तुम्ही चावडीवरून येऊन चुलीतल्या राखेनं अंगठा घासत बसला होतात. शाई काही निघेना. "कागदात काय लिवलंय?" मी विचारलं. "पाणी मागितलंय की," म्हणालात. मग परातीतल्या पिठात बोटानं 'पा' काढलात. "मला एवढंच येतं. फुडचं तू हुडीक."

हुडकलं हो! गूळ, हळद बांधून आलेल्या कागदांवरून एकेक अक्षर जुळवत मी वाचायला शिकले. तुम्ही गेल्यावर, राधाही सासरी गेल्यावर, त्या कागदांशिवाय घरात माझ्याशी बोलणारं होतं तरी कोण? आज लिहायला बसले ती आनंदाची बातमी घेऊन. तुम्हाला सांगितल्याशिवाय ती मला पुरी वाटेना.

आपल्या वावराकडे येणारी पाटाची चारी आठवते ना? आपण शेवटाला, तिथवर पाणी कधी पोचलंच नाही. तळाला पिठासारखी मऊ धूळ. तीच मी पाटी केली. दुपारी बैल सोडले की शेवटाकडचे आम्ही नऊ जण चारीत उतरायचो आणि बोटानं अक्षरं गिरवायचो. भिवाआबा धनगर मेंढरं बाभळीखाली बसवून यायचे. सगळ्यांना घाई आपलं नाव लिहायची. मी म्हणायचे, "आदी वाचायचं, मग नाव." तुम्ही किती हसला असतात या मास्तरीणबाईला!

तुमच्यामागं चावडीवर अंगठा द्यायला भाऊजी जात. यंदा मी गेले. शाळू पोटरीत आला होता, कणसं बाहेर पडायची होती, पाणी आताच हवं होतं. पाटकऱ्यानं कागद पसरला. "अंगठे उठवा, म्हंजी पाणी सोडतो."

विधवा बाईचं कोण ऐकणार, म्हणून मी आबांकडे नुसतं पाहिलं. आबांनी कागद ओढला, ओळीवर बोट टेकवलं. "पा...णी... पू...र्ण... मि...ळा...ले." थांबले. "कुणाला मिळालं रं? माझ्या वावरातली घोरपड बी तहानंनं गाव सोडून गेली!"

चावडी खदखदून हसली. मला मात्र तुमचा अंगठा आठवला. इतकी वर्षं आपण पाणी मागत नव्हतो, मिळालं म्हणून कबूल करत होतो! असं कसं हो, एकदाही विचारलं नाहीत? रागावत नाही. 'पा'च्या पुढं मीही उशिराच पोचले.

"अंगठा न्हाय तर पाणी न्हाय," पाटकरी गुरकावला. कुणाचा हात पुढं झाला नाही. चार दिवस शाळूची पानं सुरळी होताना पाहिली. पाचव्या दिवशी आम्हीच अर्ज लिहिला, खाली नऊ वाकड्यातिकड्या सह्या केल्या आणि चालत नातेपुत्याला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत गेलो. साहेबांपुढं प्रत्येकानं एकेक ओळ वाचली. शेजारच्या गोदूमामींची ओळ संपेपर्यंत साहेबांचा चहा निवला.

साहेब स्वतः चारी बघायला आले. धुळीतली अक्षरं बघून म्हणाले, "ही शाळा कुणाची?"

गोदूमामी पदर खोचत म्हणाल्या, "पाटाचीच हाय, सायेब. पाणी येत न्हाय तवर भरतीया!"

साहेबही हसले. पाण्याची पाळी शेवटाकडून सुरू करायचा हुकूम त्यांनी तिथंच दिला.

परवा दुपारी पाणी आलं! काडीकचरा पुढं ढकलत, गढूळ, भरून. आमची अक्षरं बघता बघता गेली. "अगं बया, माझं नाव व्हाऊन गेलं!" म्हणत गोदूमामी लुगडं वर खोचून त्यातच उतरल्या. आबांची मेंढरंसुद्धा बावरली. तेवढं एकदा मी तोंड फिरवलं. तुम्ही हवे होतात.

आता वचन देते. आपल्या घरातून न वाचता अंगठा उठणार नाही, शेजारच्यांचाही उठू देणार नाही. पाटी वाहून गेली, म्हणून शाळा मोडणार नाही.

काल सकाळी मी आपल्या शाळूला स्वतः दारं धरलं, पोटभर पाणी पाजलं आणि परतताना चारीच्या काठावर हातभर जागा सारवली.

तुमची,
राधाची आई