बिनमिठाचे डबे

सीताबर्डी, नागपूर
२ डिसेंबर १९४४

॥ श्री ॥

तीर्थस्वरूप सौ. मनकर्णावहिनी यांस चंद्रभानाचा साष्टांग नमस्कार. वि. वि. इकडे मी खुशाल. तिकडची खुशाली मनातल्या मनात रोज विचारतो, लिहायचं तेवढं राहून जाते.

छापखाना सोडला. बोटं काळी व्हायची आणि मालक फार बोलायचा. आता किल्ल्याच्या टेकडीखाली गोऱ्या पलटणीचा रसोडा आहे, तिथल्या ठेकेदाराकडे आलू सोलायच्या कामावर लागलो. एक सोजीर मले सॅम म्हणते. काहून म्हणते ते त्यालेच ठाऊक. त्याच्याजवळ तोंडानं वाजवायचा बाजा आहे, तो मी शिकून राहिलो. अर्धं गाणं येते, अर्ध्यात श्वास संपते. पण हे सांगायचं नव्हतं.

सांगायचं होतं बाबांचं. संत्रा मार्केटात आपल्या गावचा नत्थूजी गाडीवाला भेटला. बाबांचे पाय सुजले, काटोलच्या डॉक्टरनं मीठ पार बंद केलं आणि बाबा अळणी ताटावरून तसेच उठून जातात, असं त्यानं सांगितलं. रस्सा खाताना नाकातून पाणी आलं की खुश होणारा माणूस, त्यानं अळणी वरण कसं गिळावं?

म्हणून नत्थूजीबरोबर दोन डबे पाठवले आहेत. आत मेंढीच्या मटणाची दाबून केलेली वडी असते. गोरे लोक दुपारी तिच्या चकत्या पाडून पावात घालतात आणि थंडच खातात. मेंढीचीच आहे. डब्यावर चित्र आहे आणि खानसाम्यालेही दोनदा विचारून घेतलं. वाटेत चेपलेले डबे ठेकेदार आम्हाले देऊन टाकते, तेव्हा चोरीचे समजू नका. हे मटण कारखान्यात बंद होते ते थेट तुमच्या हातात उघडते. मधे ना आपली चूल, ना आपलं मिठाचं मडकं. मीठ पडायचा सवालच नाही. तुम्ही वरून टाकू नका म्हणजे झालं.

ताकद फार आहे यात. हे खाल्ल्यावर गोरे घडेच्या घडे पाणी पितात. खानसामा तर एका डब्यात टोपलीभर आलू घालते, ती मले ठेकेदाराची कंजुषी वाटते. आमच्या वाट्याले ते आलूच येतात. चांगले लागतात.

माय माळकरी. तिले वासाचा त्रास होणार नाही असं पाहा. लोभ आहेच, थोडा रागही असेल. तो राग या डब्यांत वळता करून घ्यावा, ही विनंती.

आपला दीर
चंद्रभान


रिधोरा, ता. काटोल
११ डिसेंबर १९४४

॥ श्री ॥

चिरंजीव चंद्रभानभाऊजी यांस मनकर्णाचे अनेक आशीर्वाद. तुमचं पत्र आणि डबे एकाच पिशवीत आले. आधी काय उघडावं तेच कळेना.

डबा उघडायले तुमच्या दादांनी विळा घेतला आणि अंगठा कापून घेतला. वर म्हणाले, चित्रावर माझा भरवसा नाही, आतलं जनावर कोणतं कोणाले माहीत. त्यांनी तोंडाले लावलं नाही. आत्याबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, आणि लग्नाच्या वर्षी त्यांनी माझ्याही गळ्यात घातलेली. म्हणून मागच्या अंगणात तीन दगड मांडले, मटणाचा वेगळा तवा काढला, चकत्या तेलावर परतल्या, लसूण नि तिखट घातलं. चाखायचा तर प्रश्नच नव्हता. मीठ नावालेही टाकलं नाही.

मामाजींनी पहिला घास घेतला आणि थांबले. मले वाटलं, आता ताट सारतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दारात बसलेल्या आत्याबाईंकडे पाहिलं आणि मान खाली घालून सगळं खाल्लं. भाकरीनं तवासुद्धा पुसून घेतला. हात धुताना हळूच म्हणाले, तुझ्या हाताले चव आहे पोरी. या घरात येऊन इतकी वर्षं झाली, हे मी पहिल्यांदा ऐकलं.

एवढा गुण देणारं औषध असेल तर अजून पाठवा. आणि तुमच्यासाठी एक मुलगी पाहून ठेवली आहे. तिच्या बापानं पत्ता विचारला. या महिन्याचा सांगू का पुढच्याचा, ते कळवावं.

आशीर्वाद नेहमीचेच आहेत. पायाले भिंगरी लागली आहे, ती जरा जपून.

सौ. मनकर्णा


सीताबर्डी
१७ डिसेंबर १९४४

॥ श्री ॥

तीर्थस्वरूप वहिनींस चंद्रभानाचा नमस्कार. वि. वि. बाबांनी तवा पुसला हे वाचून मी रसोड्यात उभ्या उभ्या बाजा वाजवला आणि खानसाम्याची शिवी खाल्ली. नत्थूजीच्या गाडीत पोतंभर डबे टाकले आहेत. रोज दुपारी एक होईल.

मुलीच्या बापाले घाई करू नका म्हणावं. इथं एक नाटकमंडळी आली आहे. ते पुढं रामटेकले जाणार, आणि त्यांचा पेटीवाला आजारी आहे. मले पेटी येत नाही, पण बाजा येते, म्हणजे अर्धा येते. काय होते ते पाहतो. पत्र चौकातल्या पानवाल्याच्या पत्त्यावर टाका, तो भला माणूस आहे. त्याची एक गोष्ट सांगायची होती, पण नत्थूजीनं बैल जुंपले.

मायले दंडवत. मी जवळ नाही म्हणून लोभ पातळ करू नये.

चंद्रभान


रिधोरा
६ जानेवारी १९४५

॥ श्री ॥

चिरंजीव भाऊजी यांस आशीर्वाद. पत्र लिहिते खरी, पण काय लिहू ते समजत नाही.

मामाजींची सूज गुडघ्याच्या वर गेली. बोट दाबलं तर खळगा तसाच राहते. निजले की दम लागते, म्हणून भिंतीले टेकून बसतात. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, मीठ कुठून तरी पोटात चाललं आहे, हे थांबलं नाही तर माणूस हाती लागायचा नाही. आत्याबाईंनी त्याच घडीले मिठाचं मडकं कोठीत ठेवलं, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेले खोचली. स्वयंपाकाले लागेल तेवढं मीठ त्या चिमटीनं काढून देतात आणि मामाजींचं वरण स्वतः वाढतात. तरी सूज चढूनच राहिली.

मग सगळ्यांनी मिळून मामाजींनाच विचारलं. तुम्हाले मीठ कोण देते, असं आत्याबाईंनी तोंडावर विचारलं. त्यांनी नाही म्हणायचं होतं ना भाऊजी? नाही म्हटलं असतं तर संपलं असतं. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "पोरीले कोणी काही बोलायचं नाही."

मग माझ्या तोंडावर कोणी बोललं नाही, पाठीमागं बोलले. तेच जास्त झालं. मागच्या चुलीवर काय होते ते कोणी पाहत नाही, हे आत्याबाई शेजारणीजवळ बोलल्या. तुमचे दादा माझ्याकडे पाहत नाहीत. संक्रांत झाली की मले सावनेरले माहेरी पोहोचवणार. कधी आणणार ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मी देवासमोर उभी राहून आठवते, की माझ्याच हातून विसरभोळेपणानं पडत होतं का? आता मले माझ्या हाताचाही भरवसा वाटत नाही.

डब्यांनीच काय ती ताकद टिकून आहे, म्हणून ते रोज देते. तुम्ही शहरात आहात, एखाद्या मोठ्या डॉक्टरले विचारा, की मीठ न खाताही सूज चढते का. लवकर लिहा. एवढं एक पत्र वेळेवर लिहा.

मनकर्णा


सीताबर्डी
१९ जानेवारी १९४५

॥ श्री ॥

तीर्थस्वरूप मारोतरावदादा यांस चंद्रभानाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. हे पत्र उभ्यानं वाचू नका, बसा. आणि बाबांना आज डब्यातलं देऊ नका. हे आधी करा, बाकीचं नंतर वाचा.

मी रामटेकले गेलो होतो. नाटकमंडळीनं दोन खेळांत हाकललं, ते असो. काल परतलो तेव्हा वहिनींचं पत्र पानवाल्याकडे गल्ल्याखाली पडून होतं. वाचून माझं डोकं चालेना. बाबा खोटं बोलत नाहीत, वहिनी खोटं बोलत नाहीत, माय मडक्यावर बसून आहे. मग मीठ येते कुठून? चौकात तीन चकरा मारल्या. एका माणसाचा पोपट चिठ्ठ्या काढत होता, तिथंही थांबलो, खोटं कशाले सांगू.

मग भूक लागली. रसोडा बंद, आलू संपलेले, एक चेपलेला डबा तेवढा होता. एवढे डबे पाठवले, पण नुसतं कधी खाल्लं नव्हतं. एक चकती तोडून तोंडात घातली. दादा, जीभ चरचरली. मिठाचा खडा चोखल्यासारखं झालं. लोटाभर पाणी प्यालो, मग पुन्हा एक. तेव्हा मले गोऱ्यांचे घडे आठवले. आठवून मी खालीच बसलो.

तरी खात्री करावी म्हणून चार चकत्या साध्या पाण्यात उकळल्या. चकत्या काढल्या, पाणी आटू दिलं. भांड्याच्या कडेले पांढरी पापडी धरली. चाटून पाहिली, मीठच. खानसाम्यानं हे ऐकून कपाळावर हात मारला. म्हणाला, मिठाशिवाय मटण महिनोन् महिने जहाजात टिकेल कसं, आणि मी टोपलीभर आलू काय मेहरबानी म्हणून घालतो का.

तुम्ही मडक्याले कुलूप घातलं, आणि मीठ नत्थूजीच्या गाडीतून पोत्यानं येत होतं. पाठवणारा मी. घरचं मडकं सोडून जगात दुसरं मीठ असते, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. माझा भरवसा नसेल तर एक तुकडा स्वतःच्या जिभेवर ठेवून पाहा. मेंढीच आहे, शपथ घेतो.

वहिनींना सावनेरले नेलं असेल तर गाडी जुंपा आणि घेऊन या. बाबा तसं काहून बोलले, ते मले अजूनही उमगलं नाही. उरलेले डबे पुरून टाका.

लोभ मागायचं तोंड नाही. उरला असेल तर तो वहिनींना द्यावा.

चंद्रभान


रिधोरा
३० जानेवारी १९४५

चिरंजीव चंद्रभानास बाप नानाजीचा आशीर्वाद. माझं अक्षर वाकडं आहे, जुळवून वाच.

तुझं पत्र मारोतीनं मोठ्यानं वाचलं. मग डबा फोडून जिभेवर तुकडा ठेवला आणि अंगणात जाऊन थुंकला. परत आला तो गाडी जुंपूनच. सुनेले संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पोहोचवली होती, ती तुझं पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी घरी आली. सूज उतरून राहिली. काल वहाणेत पाय गेला.

तू विचारलं, मी तसं काहून बोललो. पहिल्या घासाले मीठ लागलं, तेव्हा मले वाटलं, हिनं सासूची नजर चुकवून चिमूट टाकली. बाकी सारे मले जगवायले निघाले होते गा. एकटी ही मले जेवू घालून राहिली, असं वाटलं. म्हणून गप्प राहिलो. तिची चोरी झाकावी, असं माझ्या मनात होतं. विचारलं तेव्हाही झाकायलेच गेलो आणि तिलेच बुडवली.

आता तिनं मीठ टाकलंच नव्हतं, हे ऐकून घरात सारे खुश झाले. तुझी मायसुद्धा. मीही व्हायले पाहिजे. पण इतके दिवस मी जे खाल्लं ते कोणी माझ्यासाठी टाकलं नव्हतं, डब्यातच होतं. मी खुश झालो का नाही, हे माझं मलेच समजून नाही राहिलं.

तू येऊन जा. बाजा आणला तरी चालेल.

नानाजी


रिधोरा
४ फेब्रुवारी १९४५

॥ श्री ॥

चिरंजीव भाऊजी यांस मनकर्णाचे आशीर्वाद. मी घरी आहे. सावनेरच्या वाटेवर तुमचे दादा काही बोलले नाहीत. परतीच्या वाटेवरही बोलले नाहीत, पण मधे गाडी थांबवून त्यांनी ऊस तोडून दिला. याचा अर्थ मी लावून घेतला.

डबे नत्थूजीनं वावरात पुरले. गावातली कुत्री तिथंच बसून असतात.

मामाजींनी तुम्हाले काय लिहिलं ते त्यांनी मले वाचून दाखवलं. टाकलं नाही म्हणून मी सुटले. पण त्यांच्या तोंडाकडे पाहून वाटलं, टाकलं असतं तर बरं झालं असतं का? डॉक्टरनं सांगितलं ते मले पाठ आहे, आणि तरी हा विचार येते. कसा येते, कळत नाही.

कालची गोष्ट लिहायची म्हणून हे पत्र. दुपारी मामाजींचं अळणी ताट वाढलं. मिठाचं मडकं फळीवर परत आलेलं होतं. कधी आलं ते मी पाहिलं नाही. आत्याबाई रोज सगळ्यांच्या मागून जेवतात. काल त्यांनी आपलं ताट मामाजींच्या समोर मांडलं आणि त्यांच्याच भांड्यातलं वरण घेतलं. एकादशी नव्हती, वार नव्हता. मी मिठाचं मडकं पुढं केलं, तर त्यांनी ते मागं सारलं. मामाजी त्यांच्याकडे पाहतच राहिले. मग मान वर न करता आत्याबाई मले म्हणाल्या, "बस वं, तूही जेवून घे."

इतक्या वर्षांत मी त्यांच्या पंगतीले बसले नव्हते. ही माफी होती की हुकूम, ते मले समजलं नाही. ताट घेऊन बसले. मीठ घ्यावं की घेऊ नये, हेही समजेना. शेवटी नाही घेतलं. वरण अळणी होतं आणि कोणी ताटावरून उठलं नाही.

मुलीच्या बापाले मी तुमचा पत्ता रिधोरा असाच सांगितला आहे. तो खोटा पडू देऊ नये. आशीर्वाद आहेतच, ते घ्यायले स्वतः यावं.

सौ. मनकर्णा