संताजी हवालदाराचे तीन महिने

॥ श्री अंबाभवानी प्रसन्न ॥

मल्लेश्वरम, बेंगळुरू
३ सप्टेंबर २०२५

चि. हणमंतभावजींस,

कौशल्यावहिनीचे अनेक आशीर्वाद. धनलक्ष्मीला आणि मुलांना आठवण सांगा. इकडे सगळे सुखरूप. गौरी-गणपती झाले. कडबू केले होते, नातीने हावऱ्यासारखे खाल्ले आणि मग पोट धरून बसली. माझे गुडघे अधूनमधून बोलतात, मी त्यांच्याकडे लक्ष देत नाही.

पत्र बघून तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या असणार. पण करू काय? फोनवर माझा आवाज ऐकला की तुम्ही 'राँग नंबर' म्हणून ठेवून देता. सख्खी वहिनी आणि राँग नंबर! अय्यो देवा! म्हटलं, पोस्टमनला काही तुम्ही असं हाकलणार नाही.

तर बातमी अशी, की तुमच्या अण्णांचं, म्हणजे आमच्या ह्यांचं, डिस्चार्ज बुक दुरुस्त झालं. फौजेतून सुटल्याची तारीख आता ३१ ऑगस्ट १९९९ आहे. मे नाही, ऑगस्ट. खाली कारगिलच्या लढाईत असल्याची नोंदही चढलीय. झेरॉक्स सोबत जोडलीय, शिक्का नीट दिसेल अशी काढून घेतली. तुम्ही बँकेत जन्म काढलेला माणूस, शिक्का बघितल्याशिवाय तुमच्या गळी काही उतरत नाही.

हे मी ऐटीत लिहितेय, लपवत नाही. काल मी ते बुक देव्हाऱ्यात ठेवलं, हळदकुंकू लावलं आणि सगळ्या गल्लीला पेढे वाटले. समोरची मनस्विनी विचारते, "अक्का, नातवंड झालं का?" म्हटलं, "नाही गं, नवरा सुटला. फौजेतून, ऑगस्टात."

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहिते, कारण इतकी वर्षं तुम्ही मला बोलू दिलं नाही. त्या वर्षी मेअखेर हे सुटणार होते. आईंना तसं पत्रही आलं होतं. तेवढ्यात लढाई पेटली आणि सुटणाऱ्यांना थांबवलं. पण फौजेची रीत अशी, की माणूस सुटायच्या कितीतरी आधी त्याचं बुक भरून, साहेबाची सही घेऊन तयार ठेवतात. ऑगस्टात सोडताना तेच तयार बुक ह्यांच्या हातात दिलं. तारीख बदलायची कुणाला आठवण झाली नाही. आणि तुमचे अण्णा! साहेबाची सही झालेला कागद परत करायचा नसतो म्हणे. गुपचूप घेऊन आले.

तोवर आई जाऊन दोन महिने उलटले होते.

मग तुम्ही ह्यांच्या गार्डच्या नोकरीचा अर्ज भरायला बसलात आणि ती तारीख वाचलीत. तेव्हा काही बोलला नाहीत. आईंच्या वर्षश्राद्धाला मात्र सगळ्या भावकीसमोर, पानं वाढलेली असताना, म्हणालात, "मे महिन्यात सुटलेला माणूस ऑगस्टापर्यंत कुठे होता? आई 'संत्या आला का' विचारत गेली आणि हा लढाईच्या थापा मारतोय." आणि ह्यांना पानावरून उठवलंत. तेव्हापासून पितृपक्षात एका आईचा महाळ दोन गावांत होतो.

हे त्या दिवशी "मी वर होतो" एवढंच बोलले. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मी किती डोकं आपटलं, "अहो, अर्ज करा, तारीख बदलून घ्या." ह्यांचं उत्तर एकच, "असू दे." मला वाटायचं हा हवालदारी ताठा आहे. सरी, बरं बाबा, म्हटलं, राहू दे.

ह्या वर्षी नातीच्या शाळेत लढाईतल्या माजी सैनिकांचा सत्कार ठेवला होता. ह्यांनी कोट इस्त्री करून घेतला. शाळेने बुकाची नक्कल मागितली आणि मग निरोप आला, की तारीख बसत नाही, प्रेक्षकांत बसायला हरकत नाही. ह्यांनी कोट काढून ठेवला आणि भाजी आणायला गेले. आमची लेक भूमिका ऑफिसातून आली तेव्हा हे ऐकून जी भडकली! बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमधून दोन तास बसून आलेली बाई ती, तिच्या वाटेला जाऊ नये. त्याच रात्री तिने अर्ज लिहिला.

रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं: बुकातली तारीख अंतिम, तेव्हाच्या अधिकाऱ्याची साक्ष असल्यास पाठवा. भूमिकाने ह्यांच्या तेव्हाच्या कॅप्टनसाहेबांना शोधून काढलं. कर्नल पूवय्या. रिटायर होऊन राहतात कुठे, तर इंदिरानगरात! मेट्रोत बसलं की पोचलो, आणि आम्ही इतकी वर्षं अंधारात.

इथपर्यंत मी भराभर लिहिलं. पुढचं लिहायला पेन जड होतंय. झेरॉक्स पाठवून गप्प बसावं, असंही मनात आलं होतं. तुमचे अण्णा म्हणाले, "अर्धं पाठवणार असलीस तर काहीच पाठवू नको."

तर ऐका. कर्नलसाहेब आपणहून घरी आले. उंच, पांढऱ्या मिशा, आमच्या सोफ्यावर गुडघे मावत नव्हते. कानडीत म्हणाले, "संताजी, तू त्या जूनमध्ये माझ्याबरोबर होतास, हे मी शपथेवर सांगेन. तो दिवस मी विसरणारच नाही. तुझ्या आईची तार मीच तुझ्या हातात दिली होती ना?"

मी कॉफी घेऊन येत होते. तिथेच उभी राहिले.

होय भावजी. तुमची तार त्यांना मिळाली होती. 'आई अत्यवस्थ, ताबडतोब निघ', ती तार. आई तेव्हा जिवंत होत्या. तुम्ही विचारलं नाही, ह्यांनी सांगितलं नाही, आणि मी वेडी सगळ्यांना सांगत फिरले, की तार पोचलीच नसणार.

साहेबांनी रजा मंजूर केली होती. "तुझी तर मुदतही संपली, उद्याच्या गाडीने खाली उतर," म्हणाले होते. पण ह्यांच्या तुकडीला दोन दिवसांत वर चढायचं होतं. ती डोंगराच्या घळीतली वाट फक्त ह्यांनी पाहिलेली. बाकी सगळी मिसरूड न फुटलेली पोरं. साहेब सांगत होते, ह्यांनी तार घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "साहेब, आईजवळ माझा हणमंता आहे. ह्या पोरांजवळ कुणी नाही. आणि वाईट झालंच, तर आमच्यात आईला अग्नी धाकट्यानेच द्यायचा असतो. तो काही कमी पडू देणार नाही."

आणि हे वर गेले. एक पोरगा परत आला नाही, बाकीची सगळी ह्यांच्यामागून खाली आली. त्यांची आज लग्नं होऊन मुलंबाळं झालीत, असं साहेब म्हणाले.

साहेब गेल्यावर मी भांडले. भावजी, मी त्या आईंच्या उशाशी बसलेली बाई. फाटक वाजलं की त्या मान वळवायच्या, ते मी बघितलंय. मी ह्यांना म्हटलं, "तुम्हाला येता येत होतं!" हे म्हणाले, "होय." दोन दिवस मी ताट नुसतं पुढे सरकवलं.

तिसऱ्या दिवशी साहेबांची साक्ष टाईप होऊन आली. त्यात तारेचं सगळं लिहिलेलं, कारण ह्यांच्या जूनमधल्या हजेरीचा तोच पुरावा. अर्जावर ह्यांची सही हवी होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा ताठा नव्हताच. तारीख दुरुस्त करायची तर तार उघडी पडणार होती. तुम्हाला कळणार होतं, की भाऊ येऊ शकत होता आणि आला नाही. त्यापेक्षा तुम्ही थापाड्या म्हटलेलं ह्यांना चाललं. भूमिका म्हणाली, "अप्पा, नको असेल तर राहू दे." ह्यांनी चष्मा पुसला, सही केली आणि म्हणाले, "हणमंताला सगळं कळू दे. उशीर झाला, पण कळू दे."

साक्षीची झेरॉक्सही जोडलीय. दोन्ही कागद शिक्क्याचे आहेत.

मी ह्यांना माफ केलं का? खरं सांगू, आईंची आठवण आली की ह्यांचं ताट अजून जरा आपटूनच ठेवते. पण त्या पोरांच्या आयांचाही विचार येतो. कुणी सोलापूरची, कुणी बिदरची, मी त्यांना ओळखतही नाही. आणि मग माझा ऊर असा भरून येतो, की मी पेढे वाटत सुटते. माझ्या नवऱ्यासारखा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि भावजी, ज्याच्या भरवशावर तो माणूस तिथे राहिला, त्याचाही मला अभिमान आहे. तुम्ही आईंचं सगळं एकट्याने केलंत. काही कमी पडू दिलं नाहीत. हे तुम्हाला कुणी म्हटलंच नाही, ना?

रविवारी पौर्णिमा, मग पितृपक्ष लागेल. यंदा आईंचा महाळ इथे करू या. धनलक्ष्मीला घेऊन या. माफी मागायला येऊ नका, ती इथे कुणी मागत नाहीये. रागवायला या. आता तुमच्या रागाला खरं कारण आहे. ह्यांच्यासमोर बसा आणि तोंडावर विचारा, "अण्णा, का आला नाहीस?"

पंचवीस वर्षं तुम्ही 'कुठे होतास' एवढंच विचारत राहिलात. त्याचं उत्तर सरकारने दिलं. 'का'चं साहेबांनी सांगितलं ते अर्धंच; उरलेलं ह्यांच्याजवळ आहे, आणि ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला द्यायची त्यांची तयारी नाही. मलाही नाही.

वाट बघते.

ऑगस्टात सुटलेल्या हवालदार संताजींची बायको,
तुमची वहिनी
कौशल्या