हाडं कुणी वेचायची

बा, माझा खालचा पुढचा दात हलू लागला आहे. तुझाही तोच आधी हलला होता. मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. आतून कुणी एकेकाला हाक मारत असल्यासारखे ते गेले. हिरडीतून पू यायचा, तू तंबाखूची चिमूट दाबून धरायचास, आणि शेवटी शेवटी भाकरी कालवणात कुस्करून गिळायचास. आता आरशात माझी हिरडी खाली सरकलेली दिसते आणि दात लांब झालेले. तोंड माझं, दात तुझे.

इथे लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाला धरला. दातांभोवतीचं हाड झिजून खड्डे पडले आहेत. हिरडी उघडून त्यात हाड भरायचं, म्हणजे त्याच्या आधाराने नवं धरेल. कदाचित. माझ्याच हनुवटीचं हाड सर्वांत चांगलं रुजतं, पण दुसरी जखम होते आणि एवढ्या खोल खड्ड्यांना ते पुरायचं नाही. मेलेल्या माणसाचं, दान आलेलं मिळतं, पण ते लवकर विरघळतं. कारखान्यात बनवलेली पूड बरेचदा नुसती जागा भरते. जनावराचं मात्र लवकर विरघळत नाही, वर्षानुवर्षं आधार देतं. म्हणून थोडं माझं आणि बाकी जनावराचं, असा त्यांचा सल्ला. टेबलावर इवलीशी बाटली होती, आत जाड्या रव्यासारखे पांढरे कण.

"गाईगुरांचं असतं," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. मग फाईलवरचं माझं आडनाव वाचून हसल्या. "पण मॅडम, तुमच्याकडे चालत असेल ना?"

"आमच्याकडे म्हणजे कुणाकडे?"

त्यांनी फाईल मिटली. दात हलत असला तरी माझी जीभ अजून पक्की आहे.

त्यांना काय ठाऊक? धम्मदीक्षा घेतल्यावर तू उमरीकडच्या आपल्या गावात मेलेली ढोरं ओढायचं सोडलंस. ज्याचं ढोर त्यानं वढावं, असं पाटलाला तोंडावर सांगितलंस. गावाने काम तोडलं, दुकानातून सामान देणं बंद केलं. वेशीजवळ एक बैल कुजत पडला आणि तू आईला घेऊन नांदेडच्या कापडगिरणीत आलास. त्या बैलाचा वास आई मरेपर्यंत सांगायची.

नांदेडच्या खोलीत आई भाकरी थापते आहे, मी कॉन्व्हेंटमधला गाईवरचा इंग्रजी निबंध घोकते आहे. तू अर्थ विचारतोस. मी ऐटीत सांगते, गाय मेल्यावरही उपयोगी पडते, तिच्या हाडांची बटणं होतात, खत होतं. तुझा घास हातातच राहतो.

"हाडं कुणी वेचायची, ते हाय का त्या बुकात?"

"न्हाई."

"मंग तेवढं पाठ करू नको."

दुसऱ्या दिवशी मी ते वाक्य गाळलं. सिस्टरने वर्गाबाहेर उभं केलं.

बाटली हातात घेऊन मी डॉक्टरीणबाईंना तेच विचारलं, ही हाडं कुणी वेचली? कंपनीतून येतं, मॅडम, एकदम स्वच्छ, त्या म्हणाल्या. बाटलीवरही तेवढंच होतं. वेचणारा हात कुठेच नव्हता. म्हणजे कुठेतरी तो अजून वाकलेला आहे, बा, आणि तो जे वेचतो ते परवा माझ्या जबड्यात शिवणार आहेत.

मी हो म्हणून आले. नको म्हणून उठणारच होते, पण तुझी कुस्करलेली भाकरी डोळ्यांपुढे आली. मला भाकरी चावून खायची आहे. लिहिताना जीभ सारखी त्या दाताकडे जाते. कालच्यापेक्षा आज तो जास्त हलतो.

तुला अक्षरओळख नव्हती, याचा मला जन्मभर संताप होता. आज हे पत्र लिहून पहिल्यांदा त्याचं बरं वाटतं आहे.