हुंकारा

डहाणू, ३ ऑगस्ट १९५८
आलो एकदाचा! स्टेशनपासून टांग्याने चिकूवाडीपर्यंत, पुस्तकांची ट्रंक मांडीवर. माडीवरची खोली हवेशीर आहे; खिडकीतून समुद्र दिसत नाही, पण ऐकू येतो. तलासरीच्या शाळेचा राजीनामा दिला तेव्हा सगळे हसले. सभेत सिंह आणि एल्‌एल.बी.च्या पेपरात शेळी, असे हेडमास्तर म्हणाले. म्हणोत बापडे. ऑक्टोबरात पुन्हा बसायचे आहे, आणि या खेपेस काठावर नाही. तलासरीच्या जिवलीला शब्द दिला आहे. तिच्या बापाची शेठने गिळलेली जमीन मी वकील होऊन परत मिळवून देणार.

९ ऑगस्ट
मला मनात वाचता येत नाही. समोर माणूस लागतो. जिवली वाडीत कामाला येते. दुपारी ती उंबऱ्यावर टेकते, मी करारांचा कायदा मोठ्याने सांगतो आणि ती गोष्टीला देतात तसा हुंकारा देते. कळत काही नाही म्हणते, पण मी थांबलो की पुढे काय झाले ते विचारते. खाली राहणारे गोपीनाथराव, कोर्टातले निवृत्त कारकून, माझी उत्तरे तपासतात. आज नापास. "प्रल्हादराव, हे उत्तर आहे की मोर्चा?"

१७ ऑगस्ट
जिवलीने बापाची हकिगत सांगितली. साक्षीत शेठचा वकील एकेक वाक्य म्हणत गेला: जमीन तू विकलीस, अंगठा तुझाच.

"बा नुसता हूं हूं करं, मास्तर. गोठ आयकताना करतात तसा."

ऐकतो आहे, एवढाच अर्थ. कोर्टाने प्रत्येक हूं कबुली धरली. याला न्याय म्हणणाऱ्यांची मला किळस येते. तो वकील याच खोलीत राहून वारला, असे गोपीनाथराव म्हणाले. कोपऱ्यातली वेताची आरामखुर्ची त्याचीच. बरे झाले. त्या खुर्चीसमोर बसूनच त्याचा निकाल फिरवायला शिकेन.

२६ ऑगस्ट
जिवली भाताच्या बेणणीला, तण काढायला, गावी गेली. उंबरा रिकामा. चेष्टेने खुर्चीला म्हणालो, वकीलसाहेब, आता तुम्ही द्या हुंकारा. कलम वाचून संपवले आणि मागून आला: हूं. वाटले, खाली गोपीनाथराव खाकरले. ते सकाळीच वाणगावला गेले होते.

४ सप्टेंबर
भुताखेतांवर मी भर सभेत कोरडे ओढले आहेत. पण गुण वाढताहेत. कलम चुकले की हुंकारा येत नाही. बरोबर सांगेपर्यंत खोली गप्प. गोपीनाथरावांनी आज पहिल्या वर्गाचे गुण दिले. अक्षर कुणाचे, असेही विचारले.

१५ सप्टेंबर
खोली सोडायला हवी. समुद्रावर जाऊन वाचून पाहिले. एकही ओळ आठवेना. परत आलो. खुर्चीच्या वेताला ऊब होती.

२२ सप्टेंबर
आता तो सांगतो, मी ऐकतो. सुरेख सांगतो. मी गप्प राहिलो की तोही थांबतो, आणि मग माझे सगळे पाठांतर पुसले जाते— म्हणून हुंकारा देतो. नुसता ऐकतो आहे, एवढ्याच अर्थाचा.

२९ सप्टेंबर
जिवली आली. तिला तिचाच दावा समजावत होतो— ती रडू लागली. "मास्तर, तुमी त्या वकिलासारका बोलता." काय बोललो? आठवत नाही. ती पळाली तेव्हा मी खुर्चीत होतो. मी त्या खुर्चीत कधी—

परीक्षेचा आदला दिवस
घसा बसला आहे. तो सांगतो आहे. पहिला वर्ग मिळेल— हूं. सनद मिळेल— हूं. जिवली विश्वासाने येईल— हूं. जमीन तिच्या बापाने विकली, आणि कोर्टात ते तूच सांगशील—

दात आवळून धरले आहेत. तोंड उघडणार नाही. लिहीत राहीन, हात तरी माझा आहे, अजून माझा— ‘नाही’ असे लिहितो. नाही. नाही. ना

हूं